धडा शून्यवाले सर

“बटण कुठंय ते आधी सांगा. रोबोट मागाहून आणा. बटण कुठंय?”

सर ओरडत होते. घाटकोपरच्या एका शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर ओरडत होते, आणि खाली रस्त्यावरचा भाजीवाला आपला माल सोडून वर बघत होता, इतकं. भिंतीवर पडदा होता, पडद्यासमोर प्रोजेक्टर होता, प्रोजेक्टरभोवती आम्ही प्राथमिकचे आठ-नऊ शिक्षक उभे होतो, आणि तो सुरू कसा करायचा हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. रिमोट तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात होता, कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये होती आणि पर्स घेऊन बाई भाच्याच्या लग्नाला नाशिकला गेल्या होत्या. आता आम्ही कोण, तर उपनगरातल्या तमाम प्राथमिक शिक्षकांना तंत्रज्ञान कसं शिकवायचं, याचा अभ्यासक्रम ठरवायला कार्यालयाने नेमलेली समिती.

बोरीवलीचे एक तरुण सर आमच्यात होते. त्यांनी पेनड्राइव्हवर झकास आराखडा करून आणला होता. पहिला दिवस कृत्रिम बुद्धिमत्ता, दुसरा रोबोट, तिसरा कोडिंग. तो दाखवायलाच प्रोजेक्टर हवा होता.

“सर, जग कुठे गेलंय यार,” बोरीवलीचे सर म्हणाले. “आपण बटणावर अडकून बसायचं का?”

“अडकलोयच की. हे काय, सगळे मिळून अडकलोय. जाऊन सांग जगाला, आम्ही घाटकोपरला प्रोजेक्टरपाशी उभे आहोत.”

“सर, आवाज,” समितीच्या प्रमुख अधिकारी मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, आवाज कमी करायचं बटण पण सापडत नाहीये.”

मग सरांनी खडू घेतला. शाळेत खडू कधी कपाटात नसतो, एवढं एक बरं असतं. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, “धडा शून्य.” त्याच्याखाली लिहिलं, “मला येत नाही, असे मोठ्याने म्हणणे.” हात झटकले आणि खाली बसले. त्या दिवसापासून ते आमचे धडा शून्यवाले सर झाले.

सर गोवंडीच्या शाळेत चौथीला शिकवायचे आणि मुलुंडला राहायचे. मूळचे मालवणकडचे, वडील परळच्या गिरणीत होते. अंगाने इतके बारीक की वर्गाच्या दारात आडवे उभे राहिले तर मुलांना वाटायचं सर आले नाहीत. शर्टाच्या खिशात मात्र अख्खं दुकान: टेस्टर, रबरबँड, खडूचे तुकडे, सुपारी, कुठल्याशा रिमोटचं झाकण. ते कुठल्या भाषेत बोलतात यावरून त्यांची हवा कळायची. बरे असले की आपली मुंबईची मराठी, राग आला की मालवणी, फार राग आला की इंग्रजी. आणि निराश झाले की शुद्ध, पुस्तकातल्यासारखी मराठी. ते मुंबईत असेपर्यंत ती मी त्यांच्या तोंडून दोनदाच ऐकली. तिला घाबरावं, रागाला नाही.

त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. समोरच्याला संगणक किंवा मोबाइल शिकवायचा असला की आधी खिशातून मोठा रुमाल काढायचे, हात पाठीमागे घ्यायचे आणि कोणाला तरी सांगायचे, “बांध.”

“सर, हे काय?”

“बांध गो बाय. माझो हात वळवळता. तू अडकलंस की माझा हात पुढे येणार, मी टचटच करून देणार, तू म्हणणार थँक्यू सर, आणि तुका घंटा काय येणार नाय. शिकवणाऱ्याचा हात मशीनला लागला की धडा खलास.”

पहिल्यांदा मी हसत हसत बांधला. नंतर कळलं की हा माणूस पूर्ण तास हात बांधून उभा राहतो आणि फक्त तोंडाने शिकवतो. “वर. अजून वर. ते निळं दिसतंय? त्याच्यावर नाही, त्याच्या शेजारी. घाबरता कित्याक? ते चावत नाही. ऑफिस चावतं.” मधे चहा आला तर कोणीतरी कप त्यांच्या तोंडाला लावायचं. एकदा घाटकोपरच्या एका शाळेत शिकवून झालं, आणि गप्पांच्या नादात रुमाल सोडायचा राहून गेला. सर तसेच बसमध्ये चढले. कंडक्टरने तिकीट विचारलं. सर म्हणाले, पैसे वरच्या खिशात आहेत, तुम्हीच घ्या. शेजारच्या बाईने आपलं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. पुढच्या स्टॉपला दोन हवालदार वर आले, आणि सरांनी त्यांना तंत्रज्ञान अध्यापनाची पद्धत समजावून सांगितली. भांडुप येईपर्यंत सांगत होते. शेवटी हवालदारांनी रुमाल सोडला, सलाम केला आणि म्हणाले, सर, आमच्या साहेबांना पण शिकवा, सगळा कंप्युटर आम्हालाच बघायला लागतो. यातला सलामाचा भाग माझा आहे. बाकी सरांनी सांगितलं तसंच.

आता तुम्ही म्हणाल, शिक्षकांना एवढं काय अवघड आहे? सगळ्यांकडे मोबाइल आहेत, सकाळी सातला सगळ्यांचे सुप्रभात येतात. येतात ना. पण आमच्या शाळांत संगणक म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. संगणकाची खोली वेगळी. बाहेर चपला काढायच्या. आत प्रत्येक मशीनला झालर लावलेला कापडी झगा. दसऱ्याला झगा काढतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात, झगा परत चढवतात. जोगेश्वरीच्या आमच्या शाळेत एका कीबोर्डच्या फटीत इतकं कुंकू गेलंय की तो उलटा धरला तर हळदीकुंकवाचा समारंभ होईल. सर हे बघून कपाळ बडवायचे. “ज्याची पूजा करता ते वापरणार कसे? देव्हाऱ्यातल्या गणपतीबरोबर कोण पत्ते खेळतो?”

आणि शिवाय प्रत्येक शाळेत एक ऑनलाइनवाला असतो. जसा दूधवाला, इस्त्रीवाला, तसा ऑनलाइनवाला. नवीन लागलेला एखादा सर किंवा बाई. सगळ्या स्टाफचे पासवर्ड त्याच्याकडे. मुलांची हजेरी, मूल्यमापन, खिचडीची माहिती, सगळ्यांचं सगळं तोच भरतो. बाकीचे म्हणतात, “तेवढं माझं पण करून टाक ना रे.” तो करून टाकतो. हे प्रेमाने चालतं हो, त्यात वाईट कोणी नाही. आमच्याकडच्या ऑनलाइनवाल्याचं लग्न झालं, आणि महाबळेश्वरला त्याला अर्ध्या स्टाफचे फोन गेले. नव्या नवरीने तिसऱ्या दिवशी विचारलं म्हणे, या एवढ्या बायका तुम्हाला ओटीपी का सांगतात?

सरांचा सगळा राग या प्रेमावर होता. आणि त्या रागाला एक कारण होतं. ते कारण म्हणजे त्यांच्या शाळेतल्या पहिलीच्या बाई.

पहिलीच्या बाई म्हणजे आमच्या भागातली मोठी असामी. वर्षानुवर्षं पहिलीच घेतली. गोवंडीत आज जे रिक्षा चालवतात, दुकान टाकून बसलेत, नर्स झाल्यात, त्यांतल्या निम्म्यांचं ‘क’चं शेपूट या बाईंनी हात धरून वळवलंय. त्या वर्गात आवाज चढवत नसत. नुसतं बघायच्या, आणि गोवंडीच्या कचऱ्याच्या डोंगराकडून येणारा वाससुद्धा दाराबाहेर रांगेत उभा राहायचा. सुटं, कोरडं बोलायच्या. मोबाइल चष्म्याच्या जुन्या घरात ठेवायच्या, आणि तो वाजला की आधी चष्मा समजून डोळ्यांना लावायला घ्यायच्या, अशी अफवा होती. अफवा मीच उठवली होती.

एका वर्षी मूल्यमापनाचं ॲप आलं. प्रत्येक मुलापुढे तीन चौकोन: वाचतो, मदतीने वाचतो, वाचता येत नाही. बाईंच्या वर्गाचं नेहमीप्रमाणे ऑनलाइनवाल्याने भरलं. त्या दिवशी त्याच्यापुढे साऱ्या शाळेची मुलं होती, आणि ‘सर्वांना निवडा’ असं एक सोयीचं बटण होतं. बाईंचा अख्खा वर्ग तिसऱ्या चौकोनात जाऊन बसला. पहिलीचा असा वर्ग, जो दिवाळीनंतर दुकानांच्या पाट्या वाचत घरी जायचा, कागदोपत्री ठार निरक्षर झाला.

तपासणीला माणसं आली. अधिकारी मॅडमही होत्या. त्यांनी विचारलं, “बाई, हे तुम्हीच भरलंत ना?”

नाही म्हटलं तर पासवर्ड दुसऱ्याकडे होता हे निघणार, आणि आपल्याला भरता येत नाही हेही निघणार. बाई म्हणाल्या, “हो.”

झालं. त्या वर्गाला उपचारात्मक वर्ग लागला. गोष्टी वाचणाऱ्या मुलांच्या हातात पुन्हा अ-आ-इची कार्डं आली. एक मुलगी म्हणे रोज कार्ड उलटं धरून त्याच्यामागे छापलेला छापखान्याचा पत्ता वाचायची, कंटाळा जावा म्हणून. बाई फळ्यापाशी उभ्या राहून ते सगळं बघायच्या. सर शेजारच्या वर्गात होते. त्या संध्याकाळी ते बाईंच्या समोरच्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून बसले आणि म्हणाले, “बाई, उद्यापासून मधल्या सुट्टीनंतर माझे हात बांधायचे.”

तिथून सुरुवात. समिती वगैरे नंतर आली. समितीत सर गेले ते एकाच गोष्टीसाठी: आपल्या वर्गाची माहिती प्रत्येक बाईला स्वतःच्या हाताने भरता यावी. त्याकरता शिक्षकांना दहा दिवस वर्गातून मोकळं करावं, समोरासमोर बसवावं, चुका करू द्याव्यात. धडा शून्यपासून. आणि त्यातला प्रत्येक धडा आधी पहिलीच्या बाईंवर तपासलेला असायचा. बाई अडल्या की सर आमच्याकडे येऊन धडा खोडायचे. बोरीवलीचे सर वैतागायचे. “सर, एका बाईंसाठी आपण सगळ्या उपनगराचा अभ्यासक्रम करायचा का?”

“होय. त्यांना आला तर उपनगराला आला. नाहीतर तुझ्या रोबोटला सांग मूल्यमापन भरायला.”

मी एकदा तो तास बघायला गोवंडीला गेले होते. बाई खुर्चीत ताठ. सर मागे, हात बांधलेले.

“सर, ते गोल फिरतंय.”

“फिरू द्या.”

“किती वेळ?”

“ते त्याला पण ठाऊक नाही, बाई.”

“मग हे शिकायचं काय त्यात?”

“थांबायचं.”

“ते मला पहिली शिकवून शिकवून आलंय,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी फोटो काढून सरांना पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या बोटाने, कोणी टचटच न करता. फोटोत अर्धा अंगठा होता आणि अर्धा पंखा. सरांनी तो आपल्या मोबाइलवर समोरच लावून ठेवला. घरातल्यांचे फोटो काढून टाकले. त्यांच्या बायकोने मला विचारलं, “हा अंगठा कोणाचा?” मी म्हटलं, “वहिनी, घाबरू नका, निवृत्तीला आलेला आहे.”

ते दिवस सगळ्यांत बरे होते, आणि ते असे किती असणार? बाई पासवर्डपर्यंत पोचल्या, आणि मतदारयाद्यांचं काम आलं. शिक्षक म्हटला की ते येतंच. पिशवीत याद्या घेऊन बाई गोवंडीच्या गल्ल्यांतून दारोदार फिरायला लागल्या. मधल्या सुट्टीनंतरचा तास बुडाला. परत आल्या की धडा एकपासून सुरुवात. मग पुन्हा दुसरं काम. सर म्हणायचे, या बाईंना मी बटण इतक्या वेळा शिकवलंय की आता बटणच मला ओळख दाखवतं. हसायचे, पण त्यात दम नसायचा.

इकडे समितीतही वाट लागत होती. दहा दिवसांचे सहा झाले. सहाचे तीन झाले. शाळा बंद ठेवता येणार नाहीत, बदली शिक्षक नाहीत, अमकं नाही, तमकं नाही. सर प्रत्येक बैठकीत एकेक धडा हरायचे आणि शून्य छातीशी धरून घरी जायचे. अधिकारी मॅडम वाईट नव्हत्या, हे मला सांगायलाच पाहिजे. एकदा बेसिनपाशी हात धुता धुता त्यांनी मला हळूच विचारलं, “ही फाइल ड्राइव्हवर टाक म्हणतात, ती नक्की कुठे जाते गं?” मी हे सरांना सांगितलं. मला वाटलं, हसतील. सर म्हणाले, “त्यांना सांग, माझ्याकडे रुमाल जास्तीचा आहे.” मी कसं सांगणार?

शेवटी वरून आलं की गरज सिद्ध करा. शिक्षकांना खरंच येत नाही, याचा पुरावा काय? तर सर्वेक्षण. ऑनलाइन. प्रश्न साधे: मोबाइलवर माहिती भरता येते का, पासवर्ड स्वतः बदलता येतो का, फोटो पाठवता येतो का. हो किंवा नाही. पुरेसे ‘नाही’ आले, तर प्रशिक्षण मंजूर. मग तीन दिवस तर तीन दिवस, पण समोरासमोर, चूक करायची मुभा देऊन.

ऐकल्याबरोबर सर म्हणाले, “मॅडम, ज्याला भरता येत नाही, तो ‘मला भरता येत नाही’ हे भरणार कसा?”

“कोणाची तरी मदत घेतील ना, सर.”

“तेच तर.”

मग सरांनी जे केलं ते मी दुसऱ्या कोणाला करताना बघितलं नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटली की ते निघायचे. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, मग इकडे जोगेश्वरी, अंधेरी, बोरीवली. शाळेच्या स्टाफरूममध्ये शिरायचे, हात जोडायचे आणि सांगायचे, “एकच विनंती आहे. लिंक आली की ‘नाही’ लिहा. खोटं नाही, जे येत नाही तेवढंच. लाजू नका.” लोक चहा द्यायचे, माना डोलवायचे. आमच्याकडे आले तेव्हा चिवडाही होता. सर गेल्यावर आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, “येत नाही म्हणून ऑफिसला लेखी द्यायचं? गोपनीय अहवाल कोणाचा लिहितात, यांचा की माझा?” आणि आमच्या ऑनलाइनवाल्याला म्हणाल्या, “सगळ्यांचं व्यवस्थित भरून टाक रे.” मी माझं मीच भरलं, जे येत नव्हतं त्याला नाही म्हटलं. पासवर्ड बदलता येत नाही म्हटलं, कारण माझा पासवर्ड काय आहे हेच मला माहीत नव्हतं. त्याच्याकडे होता.

लिंक आली ती एका कामाच्या दिवशी, दुपारी, आणि त्याच दिवशी भरायची होती. सर नेमके बोरीवलीला होते. रजा टाकून गेले होते, तिथल्या एका मोठ्या शाळेत विनंती करायला.

निकालाच्या बैठकीला प्रोजेक्टर सुरू झाला. हो, झाला. रिमोट टेबलावर होता. पडद्यावर एक हिरवागार गोल आला, एवढा मोठा आणि एवढा हिरवा की राष्ट्रीय उद्यानाने लाजावं. हिरवा म्हणजे ‘हो’. त्यात एका बाजूला केसाएवढी लाल फट होती.

“अभिनंदन,” मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता, बिचाऱ्यांना. “आपल्या उपनगरातल्या शिक्षकांना हे सगळं येतंय. तेव्हा समोरासमोरच्या प्रशिक्षणाची गरज दिसत नाही. थेट पुढचं घेऊ. व्हिडिओ पाठवू, ज्याने त्याने आपल्या वेळेने बघायचे.”

बोरीवलीचे सर माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनाही कळलं होतं. आम्हा सगळ्यांना कळलं होतं. त्या खोलीत असा एक माणूस नव्हता ज्याच्या शाळेत ते ‘हो’ कोणी भरले हे त्याला माहीत नव्हतं. पण ते बोलायचं म्हणजे आपल्याच ऑनलाइनवाल्या पोराचं नाव घ्यायचं, आपल्याच मोठ्या बाईंचं नाव घ्यायचं. आम्ही पडद्याकडे बघत राहिलो.

सर उठले. मी तयारीत होते की आता मालवणी येणार, इंग्रजी येणार, भाजीवाला वर येणार. सर शांतपणे म्हणाले, “महोदया, शाळानिहाय तपशील पाहावयास मिळतील का?”

शुद्ध मराठी.

मॅडमनी तपशील दाखवले. गोवंडी. सरांच्या शाळेत सगळे ‘हो’ आणि फक्त एक ‘नाही’. सर बराच वेळ त्या एका ‘नाही’कडे बघत होते. तो त्यांचा स्वतःचा होता. घाईत बोरीवलीच्या स्टाफरूममधून त्यांनी भरला होता, स्वतःचे हात स्वतःला बांधता येत नाहीत, म्हणून एका प्रश्नाला ‘नाही’ लिहिलं, असं नंतर मला म्हणाले. म्हणजे पहिलीच्या बाईंचं ‘हो’ होतं.

त्यांनी आपली पिशवी उचलली. “माझे या समितीतील कार्य संपुष्टात आले आहे,” असं म्हणाले आणि गेले. जाताना पंख्याचं बटण बंद करून गेले, आम्ही सगळे त्याच पंख्याखाली बसलेले असताना.

पुढचं आधी सांगून टाकते, ते फार नाही. व्हिडिओ आले. स्टाफरूमच्या टेबलावर आम्ही सगळ्यांचे मोबाइल ओळीने ठेवतो, ऑनलाइनवाला एकेक सुरू करत जातो, आणि आम्ही वर्गावर जातो. रिकाम्या खोलीत ते मोबाइल एकमेकांना तंत्रज्ञान शिकवत बसतात. प्रमाणपत्रं मात्र रंगीत आहेत. सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि ते गावी गेले. मी कधी फोन केला तर सुपारीचं, पावसाचं, शेजाऱ्याच्या बैलाचं बोलतात. शुद्ध मराठीत बोलतात. म्हणून मी हल्ली फोन करत नाही.

पण बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गोवंडीला गेले होते. सरांना एकटं सोडवेना. मधली सुट्टी नुकतीच संपली होती. पहिलीच्या वर्गात मुलं कार्डं जुळवत होती आणि बाई टेबलापाशी याद्यांची पिशवी आवरत होत्या. सर दारात उभे राहिले. ओरडतील असं मला वाटत होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“बाई, ती लिंक आली होती, त्या दिवशी.”

“हो. मी यादीच्या कामावर होते. घरी गेल्यावर सुनेला दिला मोबाइल.”

“काय भरायला सांगितलंत?”

“तुम्ही सांगितलेलं. नाही. सगळ्याला नाही.”

“तिथे ‘हो’ आहे, बाई. सगळ्याला ‘हो’.”

बाईंनी पिशवीची नाडी बांधली. एका मुलाचं खाली पडलेलं कार्ड उचलून त्याच्या हातात दिलं.

“असेल,” त्या म्हणाल्या. “ती म्हणत होती, आई, तुमच्याबद्दल असं मी नाही लिहिणार. मी म्हटलं, लिही. मग म्हणाली, लिहिलं.”

“आणि तिने काय लिहिलं, ते तुम्ही बघितलं नाहीत?”

“बघता आलं असतं तर तिला कशाला दिला असता, सर.”